खाली कार्ट्रिज रिसायकलिंगला पाठवताना: नुकसान नेमकं कुठे होतं आणि ते कसं टाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका पतसंस्थेच्या चौदा शाखांमधली वापरलेली प्रिंटर कार्ट्रिज मुख्य कार्यालयात गोळा होतात आणि दर तीन-चार महिन्यांनी नोंदणीकृत रिसायकलरकडे जातात. त्यांतली बरीच ‘खराब’ म्हणून बाजूला काढली जातात. खोकं उघडलं की आत काळी पूड पसरलेली असते, शाईची कार्ट्रिज वाळून गेलेली निघतात. चांगली नवी खोकी वापरूनही असं का होतं, आणि काय बदलावं?

खोकं बदलून फारसा फरक पडणार नाही. कार्ट्रिजचं बहुतेक नुकसान टेम्पोत चढण्याआधीच झालेलं असतं: प्रिंटरमधून काढल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि नंतर शाखेतल्या कपाटावर उघडं पडून असताना. प्रवासातले धक्के ते फक्त उघडकीला आणतात. त्यामुळे सुधारणा मुख्य कार्यालयात करण्यापेक्षा शाखेत, प्रिंटरशेजारच्या टेबलावर करायची आहे.

आधी ही कार्ट्रिज पुढे कुठे जातात ते पाहू, कारण काय जपायचं हे त्यावर ठरतं. वाटा दोन. एका वाटेवर कार्ट्रिज उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून आणि नवा टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची छपाईची पूड, भरून पुन्हा विकलं जातं. दुसऱ्या वाटेवर ते यंत्रात फोडून प्लास्टिक, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळं केलं जातं. दुसऱ्या वाटेने जाणारं कार्ट्रिज थोडं फुटलेलं असलं तरी चालतं, पण गळकं मात्र तिथेही नको असतं, कारण ती पूड हाताळणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जाते आणि बाकीच्या मालावर बसते. पहिल्या वाटेसाठी अट कडक आहे: सांगाडा शाबूत हवा, मूळ कंपनीचा हवा आणि शक्यतो एकदाही पुन्हा टोनर न भरलेला हवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोक जपतात ड्रम, म्हणजे ज्यावर छापायचा मजकूर आधी उमटतो तो गोल दांडा, कारण तो चकचकीत हिरवा-निळा दिसतो आणि त्याला हात लावू नका असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण बहुतेक ठिकाणी ड्रम आणि त्यावरचा टोनर खरवडणारा वायपर ब्लेड बदलूनच टाकतात. ड्रमवर ओरखडा आला म्हणून कार्ट्रिज बाद होतंच असं नाही. बाद होतं ते सांगाड्याचे कान तुटले, कडेची टोपी तडकली, ड्रम झाकणाऱ्या शटरची दांडी मोडली, गिअरचा दात गेला किंवा चिप निघून पडली म्हणून. हे भाग बाजारात सुटे मिळवणं कठीण, आणि मिळाले तरी त्यांची किंमत परवडत नाही. मॅग्नेट रोलरला (टोनर ड्रमपर्यंत नेणारा चुंबकी रोलर) आणि पीसीआरला (ड्रमला विद्युतभार देणारा रोलर) पडलेला खळगासुद्धा असाच महागात जातो. छापताना ठरावीक अंतराने तोच डाग कागदावर उमटत राहतो.

टोनर कार्ट्रिज: ‘खाली’ म्हणजे रिकामं नव्हे

पतसंस्थांच्या शाखांत अजूनही एचपी लेझरजेट १०२०, एम१००५ आणि कॅनन एलबीपी २९०० भरपूर दिसतात. पहिल्या दोघांना १२ए लागतं, तिसऱ्याला कॅनन ३०३. दोन्हींची घडण जवळपास सारखीच. पी१००७, पी१००८ आणि पी११०८ ला ८८ए लागतं. १२ए चं उदाहरण घेऊन सांगतो, तत्त्व सगळीकडे तेच.

हे कार्ट्रिज दोन भागांचं असतं. एका भागात टोनरची टाकी, मॅग्नेट रोलर आणि टोनरचा थर सारखा करणारा डॉक्टर ब्लेड. दुसऱ्या भागात ड्रम, पीसीआर आणि वायपर ब्लेड. ड्रमवर उरलेला टोनर हा ब्लेड खरवडतो आणि तो मागच्या वेस्टच्या कप्प्यात जमा होतो. दोन्ही भाग कडेच्या पिनांवर आणि स्प्रिंगवर जोडलेले असतात. नव्या १२ए मध्ये साधारण १०० ग्रॅम टोनर असतो. पानं फिकी यायला लागली म्हणून तुम्ही ते काढता, तेव्हा टाकीच्या कोपऱ्यांत थोडा टोनर असतोच, शिवाय वेस्टचा कप्पा भरत आलेला असतो. म्हणजे हातात घेतलेलं ‘खाली’ कार्ट्रिज पुडीने भरलेलं असतं आणि ती पूड ५ ते १० मायक्रॉनची, पिठापेक्षा कितीतरी बारीक.

नव्या कार्ट्रिजमध्ये टाकी आणि मॅग्नेट रोलर यांच्यामध्ये प्लास्टिकची पट्टी सील केलेली असते. बसवण्याआधी आपण ती ओढून काढतो. एकदा ती निघाली की टोनर अडवायला उरतात फक्त रोलर, ब्लेड आणि रोलरच्या दोन टोकांना असलेली सीलं. कार्ट्रिज प्रिंटरमध्ये असतं तसं आडवं आणि सपाट असेल तोवर ही व्यवस्था नीट काम करते. ते एका टोकावर उभं केलं की सगळी पूड खालच्या टोकाच्या सीलवर येऊन बसते आणि पहिल्याच धक्क्याला बाहेर येते. खोक्यात जागा वाचते म्हणून कार्ट्रिज बाटल्यांसारखी उभी रचणं हे गळतीचं सगळ्यात मोठं कारण आहे. दुसरं कारण, काढण्याआधी ‘अजून वीस पानं निघतील’ म्हणून कार्ट्रिज जोरजोरात हलवणं. पानं निघतात हे खरं, पण वेस्टच्या कप्प्यातली पूडही ब्लेडच्या कडेवरून बाहेर येते. हलवायचंच असेल तर आडवं धरून चार-पाच वेळा हळू डावी-उजवीकडे करा. उभं आपटायचं नाही.

आता शाखेत करायची कृती. पहिला नियम: नवं कार्ट्रिज टेबलावर आल्याशिवाय जुनं काढायचं नाही. नव्याचं खोकं फाडू नका, एका बाजूचं झाकण उघडा. आतली काळी पिशवी दाताने किंवा पेनाने न फोडता वरच्या कडेला कात्रीने सरळ कापा. दोन्ही टोकांच्या लगद्याच्या टोप्या किंवा हवा भरलेल्या पिशव्या, ड्रमवरचं नारिंगी आवरण, हे सगळं टेबलावर ठेवा. जुन्या कार्ट्रिजला हेच घालायचं आहे. ज्या मॉडेलचं कार्ट्रिज आहे त्याच्या मापाचं, त्याच कंपनीने धक्क्यांचा विचार करून बनवलेलं पॅकिंग तुम्हाला फुकट मिळालेलं असतं, आणि बहुतेक शाखांत ते त्याच दिवशी रद्दीत जातं. मला या सगळ्या साखळीतली सर्वांत मोठी हानी हीच वाटते.

टेबलावर वर्तमानपत्राचे दोन कागद पसरा. नुकतीच पन्नास-शंभर पानं छापली असतील तर दहा मिनिटं थांबा, आतला फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणारा भाग, तापलेला असतो. मग जुनं कार्ट्रिज मधल्या पकडीला धरून सरळ, तिरपं न करता बाहेर ओढा. अडकलं तर हिसका देऊ नका. झाकण पूर्ण उघडलंय का ते बघा. शटरची दांडी मोडते ती नेमकी याच क्षणी, अर्धवट उघडलेल्या झाकणातून कार्ट्रिज खेचताना.

कागदावर ठेवल्यावर खाली वाकून एकदा नीट पाहा. १२ए ला ड्रमवर घडीचं शटर असतं, ते आपोआप मिटलं पाहिजे. मिटलं नसेल तर कडेच्या बारीक स्प्रिंगकडे बघा. ती जागेवरून सुटलेली असते. बोटाने शटर हळूच मिटवा, जबरदस्ती करू नका. मिटत नसेल तर ड्रमवर जाड, स्वच्छ कागदाची एक घडी ठेवा, टेप न लावता. ज्या मॉडेलना शटरच नसतं, ड्रम उघडा दिसतो, त्यांवर नव्यावरून काढलेलं नारिंगी आवरण खटकन बसवा. ड्रमवरचा प्रकाशसंवेदी थर जेमतेम २०-३० मायक्रॉनचा असतो, नखानेही ओरखडतो, आणि उजेडात राहिला की त्याची विद्युतभार धरून ठेवण्याची ताकद कमी होते. ड्रम बदलला जाणार असला तरी काही ठिकाणी कमी पानं छापलेला मूळ ड्रम पुन्हा वापरतात, म्हणून खिडकीच्या उन्हात तर ठेवूच नका. ट्यूबलाइटच्या उजेडातही काही मिनिटांपेक्षा जास्त नको.

मग काळ्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड दोनदा दुमडा आणि टेप पिशवीला लावा. कार्ट्रिजला टेप लावायची नाही, कुठेच नाही. चिपवर लावलेली टेप काढताना चिपही घेऊन येते; ड्रमवर लावलेली टेप थर सोलते; सांगाड्यावरचा चिकटा पुढे साफ करता करता कामगाराचा वेळ जातो आणि कार्ट्रिज बाजूला फेकलं जातं. रबरबँडचंही तेच: तो ड्रमवर किंवा रोलरवर दाबून बसतो आणि उन्हाळ्यात वितळून चिकटतो.

काळी मूळ पिशवी फाटली असेल तर ५० मायक्रॉन किंवा त्याहून जाड झिपची पिशवी घ्या, हवा काढून बंद करा आणि बाहेरून काळी कचऱ्याची पिशवी गुंडाळा. नुसती पातळ कॅरीबॅग उपयोगाची नाही. कार्ट्रिजच्या टोकदार कडा ती पहिल्याच दिवशी फाडतात.

पिशवीतलं कार्ट्रिज टोप्या लावून खोक्यात, नवं जसं बसलं होतं त्याच बाजूने. खोक्यावर मार्करने चार गोष्टी: मॉडेल, काढल्याची तारीख, शाखा, आणि ‘मूळ’ की ‘रिफिल’. एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो, पण पुढे प्रतवारी करणाऱ्याला पिशवी उघडावी लागत नाही. जितक्या कमी वेळा पिशवी उघडली जाते तितकं नुकसान कमी.

मूळ खोक्याबाबत एक सावधगिरी महत्त्वाची आहे. अस्सल खोकं आणि अस्सल सांगाडा एकत्र मिळाला की बनावट टोनर भरून ‘ओरिजिनल’ म्हणून विकणाऱ्यांची सोय होते. म्हणून खोक्यावरचं चमकणारं सुरक्षा लेबल ब्लेडने आडवं-उभं कापा आणि खोक्याच्या दोन बाजूंवर जाड मार्करने ‘वापरलेले’ असं लिहा. कार्ट्रिज सुरक्षित राहतं आणि खोकं पुन्हा दुकानात जात नाही.

रिफिल केलेली कार्ट्रिज

यांचा ढीग वेगळा करा. आपल्याकडे १२ए किंवा ८८ए रिफिल करणारे बरेचदा पिना न काढता टाकीला तापलेल्या सोल्डरिंग गनने भोक पाडतात, तिथून टोनर ओततात आणि वर टेप किंवा ग्लू गनची गोळी लावतात. दोन-तीन वेळा असं भरलं आणि वेस्टचा कप्पा एकदाही रिकामा केला नाही, तर तो तुडुंब भरतो आणि पूड वायपर ब्लेडवरून ओसंडते. असं कार्ट्रिज पुनर्निर्मितीला जवळपास कधीच घेतलं जात नाही, कारण भोक पडलेला सांगाडा पुन्हा हवाबंद होत नाही. ते पदार्थ वेगळे करण्याच्या वाटेनेच जाईल. मग ते चांगल्या ढिगात मिसळून काय उपयोग? त्याच्या एका गळतीने शेजारची पाच चांगली कार्ट्रिज काळी होतात आणि त्यांचीही किंमत जाते. रिफिलवाली आणि गळकी कार्ट्रिज दुहेरी पिशवीत, वेगळ्या खोक्यात, वर स्पष्ट लिहून.

रिफिलवाल्याकडून कार्ट्रिज परत आल्यावर त्यातली चिप, ड्रम किंवा मॅग्नेट रोलर मूळचाच आहे का हे शाखेत कुणी तपासत नाही. भाग काढून घेतलेलं कार्ट्रिज वजनाला हलकं लागतं आणि कडेच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या दिसतात. तेही याच ढिगात.

साफसफाई करून पाठवू नका. हवेचा फुगा मारणं, ओल्या फडक्याने रोलर पुसणं, पाण्याखाली धरणं, यांतलं काहीही नको. टोनरमध्ये प्लास्टिकचा रेझिन, मेण आणि १२ए सारख्या कार्ट्रिजमध्ये लोहाचं ऑक्साइड असतं; ओलावा लागला की गोळे होतात आणि रोलरच्या टोकांना गंज धरतो. बाहेरच्या सांगाड्यावर पडलेली पूड कोरड्या, मऊ कापडाने पुसली की पुरे.

शाईची कार्ट्रिज: इथे शत्रू हवा आहे

एचपीची ८०२, ८०३ किंवा कॅननची ४७ आणि ५७ ही कार्ट्रिज घडणीने टोनरपेक्षा पूर्ण वेगळी आहेत. छापणारं डोकं कार्ट्रिजवरच असतं. तळाशी एक बारीक सोनेरी पट्टी दिसते, तिच्यात केसाहून बारीक छिद्रांच्या ओळी. मागच्या बाजूला तांब्याच्या ठिपक्यांची जाळी, जिच्यातून प्रिंटर वीज पोचवतो. प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो क्षणभर तापून शाईचा थेंब बाहेर ढकलतो.

पहिलं नुकसान प्रिंटरमध्येच होतं. शाई संपल्यावरही रेघा-रेघांची पानं काढत राहिलं की तापकांना थंड करायला शाई उरत नाही आणि ते जळतात. असं कार्ट्रिज बाहेरून अगदी नीट दिसतं, पण चाचणीत नापास होतं. पांढऱ्या रेघा यायला लागल्या की थांबा. ‘हेड क्लीनिंग’ चार-चार वेळा चालवून शेवटचा थेंब पिळू नका.

दुसरं नुकसान वाळण्याने. छिद्रांतली शाई उघड्यावर काही तासांत घट्ट व्हायला लागते, आणि काही आठवड्यांत आतपर्यंत कडक होते. मग धुऊन, बाष्पाने, कशानेच सगळी छिद्रं मोकळी होत नाहीत. म्हणून प्रिंटरमधून काढल्याबरोबर दोन मिनिटांत ते हवाबंद झालं पाहिजे. कॅननच्या नव्या कार्ट्रिजवर नारिंगी टोपी किंवा संरक्षक तुकडा येतो, तोच जुन्यावर लावा. नसेल तर कार्ट्रिज एकटं, एका छोट्या झिप पिशवीत, हवा पिळून काढून. एका पिशवीत एकच. काळं आणि रंगीत एकत्र ठेवलं की एकाची शाई दुसऱ्याच्या छिद्रांत ओढली जाते आणि रंग मिसळतात.

नव्या कार्ट्रिजवरची टेप काढल्यावर ती जुन्याच्या छिद्रांवर पुन्हा चिकटवण्याचा मोह सगळ्यांना होतो. करू नका; एचपीही तेच सांगते. दुसऱ्यांदा लावलेली टेप नीट बसत नाही, छिद्रं तुंबतात, रंगीत कार्ट्रिजमध्ये रंग मिसळतात आणि चिकटा तांब्याच्या ठिपक्यांवर गेला की विजेचा संपर्क तुटतो. साधी सेलोटेप तर याहून वाईट. टिश्यू पेपरमध्ये गुंडाळणंही चूक आहे. कागद छिद्रांतून शाई शोषत राहतो, आतला स्पंज कोरडा पडतो आणि कागदाचे तंतू छिद्रांत अडकतात.

छिद्रांवर शाईचा थेंब लोंबत असेल तर धागे न सुटणारं कापड डिस्टिल्ड पाण्यात ओलं करून, पिळून, पट्टीवर फक्त टेकवा. दोन-तीन सेकंद, घासायचं नाही. तांब्याच्या जाळीला ओलं कापड लावू नका आणि बोटही लावू नका; घामातल्या मिठाने ठिपके काळे पडतात, कोकणात तर आठवड्याभरात.

पिशवीत घातलेली ही कार्ट्रिज पुठ्ठ्याचे कप्पे केलेल्या छोट्या खोक्यात ठेवा, सोनेरी पट्टी कशालाही टेकणार नाही अशा बेताने. छापणारं डोकं नसलेल्या, नुसत्या शाईच्या टाक्यांना इतकं जपावं लागत नाही. शाई बाहेर येण्याचं तोंड वर आणि चिप झाकलेली असली की काम झालं.

बाकीचे नग

पासबुक प्रिंटरची रिबन कार्ट्रिज शाखांत हमखास असतात, एप्सन पीएलक्यू-२० ची किंवा टीव्हीएसच्या डॉट मॅट्रिक्सची. त्यांत मोडण्यासारखं फार काही नाही, पण रिबनवरची तेलकट शाई शेजारच्या खोक्यांत झिरपते. वेगळ्या पिशवीत, वेगळ्या खोक्यात, आणि रिसायकलर ती घेतो का हे आधी विचारून.

झेरॉक्स मशीनची वेस्ट टोनरची बाटली मात्र सगळ्यात घाण करणारी वस्तू आहे. तिच्यात सुटी पूड काठोकाठ असते. नव्या बाटलीसोबत झाकण किंवा पिशवी येते, ती याचसाठी असते. झाकण लावा, पिशवीत घाला, ही मात्र उभीच ठेवा. आतली पूड पुन्हा टोनर म्हणून वापरायचा प्रयत्न कुणाला करू देऊ नका. तिच्यात कागदाची धूळ मिसळलेली असते आणि मशीनचा डेव्हलपर, म्हणजे टोनर ड्रमपर्यंत वाहून नेणारी पूड, खराब होतो.

ज्या प्रिंटरमध्ये टोनर आणि ड्रम वेगळे असतात, ब्रदरसारखे, तिथे दोन्ही सुटे करून स्वतंत्र पिशव्यांत पाठवा. जोडून पाठवलेले भाग प्रवासात एकमेकांवर घासतात.

कपाटावरचे तीन महिने

जागा कोरडी, अंधारी आणि थंड हवी. टोनरचा रेझिन ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि कण एकमेकांना चिकटतात. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे बाहेरच ४५ अंश असतात. पत्र्याच्या छताखालची खोली किंवा उन्हात उभा असलेला बंद टेम्पो यांत ५० गाठायला वेळ लागत नाही. आत गोळे झालेला टोनर डॉक्टर ब्लेडला चिकटून कडक होतो, आणि ते खरवडताना ब्लेड जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाखांचा माल उन्हाळ्यात सकाळी लवकर उचलायला सांगा.

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांच्या खोलीत कार्ट्रिज ठेवू नका. जागा मोकळी असते म्हणून तिथे सगळं टाकलं जातं, पण तिथे उष्णता असते आणि आम्लाची वाफ तांब्याचे ठिपके व पिना खाते. जमिनीवर नको, भिंतीला चिकटवून नको. पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्याची ताकद इतकी कमी होते की वरच्या थराच्या वजनानेच खालचं खोकं बसतं. फळीवर, आडवी, एकावर एक फार तर चार. त्याहून जास्त रचली की खालच्या कार्ट्रिजच्या रोलरवर दाब येतो.

शाईच्या कार्ट्रिजसाठी तीन-चार महिने फार होतात. ती दर महिन्याला मुख्य कार्यालयात आली पाहिजेत आणि सहा आठवड्यांच्या आत पुढे गेली पाहिजेत. नीट बंद केलेला टोनर तीन महिने थांबू शकतो.

मोठं खोकं भरताना

गोणीत भरून पाठवण्याची पद्धत बंद करा. गोणी फेकली जाते, तिच्यावर पाय दिला जातो आणि आतली कार्ट्रिज एकमेकांचे कान तोडतात.

पाच प्लायचं कोरुगेटेड खोकं घ्या. तळाला चुरगाळलेल्या वर्तमानपत्राचा दोन इंचांचा थर, त्यावर कार्ट्रिजची छोटी खोकी आडवी, मग मध्ये पुठ्ठ्याचा एक सपाट तुकडा आणि दुसरा थर. दोन थरांवर थांबा. भरलेल्या खोक्याचं वजन १५ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. एका माणसाला अलगद उतरवता येत नाही असं खोकं आपटलंच जातं. थर्माकोलचे मणी वापरू नका. स्थिर विजेने ते पिशव्यांना चिकटतात आणि एखादं कार्ट्रिज गळलं तर काळे मणी सगळीकडे उडतात. बबल रॅप किंवा रद्दी पुरेशी आहे.

बंद करण्याआधी झाकण हाताने दाबून खोकं हळूच चारही बाजूंना कलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर अजून रद्दी कोंबा. नंतर दोन इंची ब्राऊन टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, वर आणि खाली दोन्हीकडे. चारही बाजूंवर वरची दिशा दाखवणारा बाण काढा. फक्त झाकणावर काढलेला बाण वर दुसरं खोकं आलं की दिसत नाही.

पूड सांडलीच तर झाडू मारू नका आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. झाडूने ती हवेत उडते; साध्या व्हॅक्यूमच्या फिल्टरमधून कण आरपार जातात, आणि बारीक कोरडी पूड मोटरच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. पंखा बंद करा, मास्क लावा, ओल्या फडक्याने गोळा करा आणि फडकं पिशवीत बांधा. हाताला किंवा कपड्याला लागली तर आधी झटका, मग थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती मऊ होऊन धाग्यांत बसते.

कागदपत्रं आणि पाठपुरावा

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांच्या यादीत प्रिंटर कार्ट्रिजसह येतो. म्हणजे कार्ट्रिज भंगारवाल्याला किलोवर देण्याची वस्तू नाही. नियमांतला मोठा ग्राहक म्हणजे वर्षात कधीही यादीतली किमान १,००० उपकरणं वापरणारी संस्था. चौदा शाखांची पतसंस्था कदाचित त्यात बसणार नाही, तरी नोंदणीकृत रिसायकलरच निवडा आणि त्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरची नोंदणी चालू आहे का ते दरवर्षी पाहा. रिसायकलर, नूतनीकरण करणारे आणि उत्पादक यांना माल सर्वसाधारणपणे १८० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तुमच्याकडे तीन-चार महिने थांबलेली कार्ट्रिज तिथे आणखी थांबली की शाईवाल्यांचं काही उरत नाही.

चांगल्या स्थितीतली कार्ट्रिज थेट उत्पादकाकडेही देता येतात. एचपीचा प्लॅनेट पार्टनर्स कार्यक्रम १९९१ पासून सुरू आहे. तो फक्त त्यांच्याच अस्सल कार्ट्रिजसाठी, त्यामुळे इथेही ‘मूळ’ आणि ‘रिफिल’ यांची नोंद उपयोगी पडते.

रिसायकलरकडून नुसती ‘इतकी नाकारली’ अशी संख्या घेऊ नका. मॉडेल, शाखा आणि कारण अशा तीन रकान्यांची यादी मागा: गळती, सांगाडा तुटलेला, भाग गायब, वाळलेलं, रिफिलचं भोक. खोक्यावर शाखेचं नाव लिहिलेलं असेल तर ही यादी भरायला त्यांना फार कष्ट नाहीत. दोन खेपांत चित्र स्पष्ट होईल. एकाच शाखेतून वारंवार गळकी कार्ट्रिज येत असतील तर तिथला रिफिलवाला बदला. शाईची वाळलेली येत असतील तर झिप पिशव्यांचं एक पाकीट प्रिंटरच्या ड्रॉवरमध्येच ठेवा, स्टोअररूममध्ये नको. आणि शटर तुटलेली येत असतील, तर ज्या शिपायाकडे किंवा क्लार्ककडे कार्ट्रिज बदलण्याचं काम आहे त्याला प्रिंटरचं झाकण पूर्ण उघडून एकदा हातात धरून दाखवा.